दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत

पावसाळ्यात नाशकात पुराची चौकशी कुणी मीटरमध्ये करत नाही. बाहेरगावी अडकलेला नाशिककर घरी फोन लावतो आणि विचारतो, "मारुतीला कुठवर लागलंय?" मारुती म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, गळ्याशी आलं, एवढ्यावर गावाला सगळं कळतं. भाजीवाले पाटी उचलतात, टपऱ्या हलतात. 2019 च्या ऑगस्टात मारुती डोक्यासकट पाण्याखाली गेला, तेव्हा आकडेवारी यायच्या आधीच काय झालंय ते शहराला उमगलं होतं.

पण पाणी आलं कुठून, हे मारुती सांगत नाही. त्र्यंबकच्या डोंगरात पाऊस झाला की गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दोन्हीची खूण तीच, कमरेवरची रेघ. आणि कधीकधी भलतंच होतं. शहरावर तासभर धो धो कोसळतो, सरस्वती नाला फुगून सराफ बाजारात शिरतो, दुकानांच्या पायऱ्या बुडतात, आणि हाकेच्या अंतरावर मारुतीचे पाय जेमतेम ओले झालेले असतात.

ईएसआर आणि सीआरपी या दोन रक्ततपासण्यांबद्दल लिहायला बसलो की मला हा मारुती आठवतो. विशेषतः ल्युपस, स्क्लेरोडर्मा, डर्मॅटोमायोसायटिस असल्या आजारांत, जिथे शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच कातडीवर, सांध्यांवर, स्नायूंवर, रक्तवाहिन्यांवर उलटते. हे स्वयंप्रतिकार आजार. त्यांत या दोन आकड्यांवर पेशंट जितका जीव टाकतो, तितका डॉक्टरने टाकू नये अशी अपेक्षा असते.

आधी एका शब्दाची अडचण. आत जी गडबड चालू असते तिला, म्हणजे इंग्रजीतल्या 'इन्फ्लमेशन'ला, मराठीत चपखल शब्द नाही. 'दाह' म्हटलं की माणूस जळजळ समजतो. 'सूज' म्हटलं की पाय बघतो. डॉक्टर म्हणतात, "आत सूज आहे," आणि पेशंट पायाच्या घोट्यावर बोट दाबून म्हणतो, "नाही हो, सूज तर नाही." दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या केल्ससने या अवस्थेची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, उष्णता, सूज, ठणका. विंचू चावला, गळू झालं, तर चारही समोर दिसतात. मूत्रपिंडात किंवा फुप्फुसात हेच चालू असेल तर डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून रक्त काढायचं.

ईएसआर ही त्यातली म्हातारी तपासणी, आणि इतकी साधी की शाळेच्या प्रयोगशाळेतही जमावी. चार भाग रक्त, एक भाग सोडियम सायट्रेट, म्हणजे रक्त गोठणार नाही. ते मिश्रण एका अरुंद काचेच्या नळीत 200 मिलिमीटर उंचीपर्यंत भरायचं, नळी स्टँडवर अगदी सरळ उभी करायची आणि तासभर हात लावायचा नाही. तांबड्या पेशी हळूहळू खाली बसतात, वर पिवळसर पाणी सुटतं. तासाभरात त्या किती मिलिमीटर खाली आल्या, तो आकडा म्हणजे ईएसआर.

खाली येण्याचा वेग का बदलतो, हे सराफ बाजारातल्या माणसाला लगेच समजेल. तांबडी पेशी दिसायला नाण्यासारखी चपटी असते. तिच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे एरवी पेशी एकमेकींना दूर ढकलतात आणि सुट्या सुट्या, सावकाश बुडतात. आत दाह पेटला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवायला लागतं. ते पेशींमधली ढकलाढकली मोडून काढतं आणि पेशी एकीवर एक बसून नाण्यांची चळत तयार होते. सुटं नाणं आणि चळत, जास्त वेगाने तळाला कोण जाईल?

युरोपात पूर्वी शीर कापून रक्त काढत, तेव्हा भांड्यातल्या रक्तावर पांढरट साय धरली तर वैद्य मान हलवत. त्या सायीमागेही हेच कारण होतं. 1897 मध्ये पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्कीने रक्त बसण्याच्या वेगाचा आजाराशी संबंध लावला. 1918 मध्ये स्वीडनच्या रॉबिन फोरेअसला गर्भवतींचं रक्त भरभर बसताना दिसलं, त्याला वाटलं गर्भारपणाची तपासणी हाती लागली. 1921 मध्ये आल्फ वेस्टरग्रेनने ती पद्धत क्षयाच्या पेशंटांवर वापरली आणि नळीला त्याचं नाव चिकटलं. म्हणजे एकाच आकड्यात सुरुवातीपासून बाळ आणि क्षय दोन्ही मावत होते. ईएसआर ओळखणारी नाही, मोजणारी तपासणी आहे, हे तिच्या जन्मातच लिहिलंय.

तिला चुकवणंही सोपं. नळी जराशी तिरपी राहिली की आकडा वाढतो. खोली तापली की वाढतो. एप्रिल-मे महिन्यात नाशकात पारा चाळिशीला टेकतो, पंखाही नसलेल्या खोलीत नळी लावली तर ती थोडी उन्हाळाही मोजते. उलट सुरगाणा किंवा पेठहून सकाळी काढलेलं रक्त गाडीने दुपारी शहरात पोचलं आणि बराच वेळ पडून राहिलं तर आकडा खोटा कमी येतो. वय वाढलं की ईएसआर वाढतो. लॅबच्या छापील मर्यादेपेक्षा जुना ठोकताळा बरा: पुरुषाच्या वयाचे निम्मे, बाईच्या वयात दहा मिळवून निम्मे. सत्तरीच्या आजीबाईंचा 38 आला तर घरात धावपळ करायचं कारण नाही.

सगळ्यात मोठा घोळ रक्तक्षयाचा. तांबड्या पेशी कमी असल्या की उरलेल्या मोकळ्या जागेत वेगाने बसतात, ईएसआर चढतो. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, आणि ल्युपसच्या दर दहा पेशंटांत सुमारे नऊ बायकाच. म्हणजे ज्या पेशंटला ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा सांगितली जाते, तिच्यातच ती सर्वाधिक फसवते. नाशिक-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गंमत आहे, अर्थात भोगणाऱ्याला गंमत नाही. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या असतात, त्यांची चळत लागतच नाही. आत कितीही पेटलेलं असो, ईएसआर निवांत.

सीआरपी ही तरुण तपासणी, म्हणजे 1930 सालची. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि टॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या पेशंटांचं रक्त तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूचे त्यांनी निरनिराळे घटक वेगळे केले होते, त्यातल्या 'सी' घटकाशी पेशंटच्या रक्ताचा संबंध आला की साका धरे. पेशंट बरा झाला की धरत नसे. कुठल्याही खास जंतूविरुद्धची ही प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) नव्हती. पुढे कळलं की साका धरवणारं ते द्रव्य, म्हणजेच सीआरपी, यकृताने बनवलेलं एक सर्वसाधारण प्रथिन आहे. दाहाच्या जागेवरून इंटरल्युकिन-6 नावाचा निरोप यकृताला पोचतो आणि काही तासांत ते प्रथिन रक्तात ओतायला लागतं. दोनेक दिवसांत शिखर गाठतं. दाह थांबला की दर 19 तासांनी निम्मं होत जातं. कोविडच्या लाटांत हा शब्द नाशकातल्या घराघरात पोचला. ज्यांना आधी साखर आणि हिमोग्लोबिनपलीकडे काही ठाऊक नव्हतं, ते रोज सकाळी नातेवाइकांना सीआरपी कळवत होते.

दोघांच्या वेगातला फरक समजून घ्यायला हवा. सीआरपी म्हणजे मारुतीच्या अंगाला आत्ता लागलेलं पाणी. ईएसआर म्हणजे पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर राहिलेला गाळ. फायब्रिनोजेन निम्मं व्हायला चारेक दिवस लागतात, आणि ईएसआर वाढवणारी दुसरी मंडळी, म्हणजे प्रतिपिंडं, रक्तात काही आठवडे टिकतात. म्हणून औषध लागू पडून सांधे हलके झालेले असतात, सीआरपी खाली आलेलं असतं, आणि ईएसआर अजून सत्तरवर रेंगाळत असतो. यात विरोधाभास काही नाही. गाळ धुऊन जायला वेळ लागतो.

(रिपोर्ट वाचताना एककाकडे बघा, हे कंसातच सांगतो. काही लॅब सीआरपी दर लिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, काही दर डेसिलिटरला. एका लॅबचे 3 म्हणजे दुसरीचे 30. लॅब बदलली आणि "दहा पट वाढलं" म्हणून घरात रडारड झाली, असं होऊ शकतं.)

आता सराफ बाजारात पाणी आणि मारुती कोरडा, तो प्रसंग.

समजा, पिंपळगाव बसवंतकडची अठ्ठावीस वर्षांची एक बाई आहे. द्राक्षबागेत मजुरीला जाते. एप्रिलची खरड छाटणी, पुढे ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग घडांची विरळणी, सगळं उन्हात. गालांवर आणि नाकाच्या दांडीवर लालसर डाग येतो. शेजारीण म्हणते वांग आहे. मेडिकलवाला एक ट्यूब देतो, चार दिवस बरं वाटतं, मग पहिल्यापेक्षा जास्त. पण वांग तपकिरी असतो, खाजत नाही, उन्हातून आलं की पेटत नाही. हा डाग लाल आहे, उन्हाने भडकतो, आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी तेवढी स्वच्छ सोडतो. सोबत केस गळतात, तोंडात न दुखणारे व्रण येतात, सकाळी बोटं आखडतात, अधूनमधून कणकण. रक्त तपासलं तर ईएसआर 85 आणि सीआरपी 4.

बाकी बहुतेक दाहांत हे दोन आकडे जोडीने चढतात. इथे एक गळ्याशी, दुसरा घोट्याशी. अननुभवी माणूस म्हणेल लॅबची चूक. अनुभवी डॉक्टर हीच तफावत बघून ल्युपसचा विचार पुढे आणेल. ल्युपसमध्ये शरीर इंटरफेरॉन नावाचं रसायन भरपूर सोडत असतं, एरवी ते विषाणूंविरुद्ध वापरायचं हत्यार. हे इंटरफेरॉन यकृताच्या पेशींत सीआरपीचं उत्पादनच दाबून ठेवतं. म्हणजे कारखान्याला निरोप पोचतोय, पण फाटकावर कुणीतरी बसलंय. ईएसआरवर असा पहारा नसतो. उलट प्रतिपिंडांचा महापूर आणि जोडीला रक्तक्षय, दोन्ही त्याला वरच ढकलतात.

याचा खरा उपयोग पुढे होतो. निदान झालं, स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं, आणि सहा महिन्यांनी बाई ताप घेऊन आली. ताप 102. आता ताप आजार उसळल्याचा की जंतुसंसर्गाचा? यावर उपचाराची दिशा ठरते, आणि दोन दिशा विरुद्ध टोकांना आहेत. आजार उसळला असेल तर प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. संसर्ग असेल, आपल्याकडे क्षयाची शक्यता कायम डोक्यात ठेवावी लागते, तर प्रतिकारशक्ती दाबणं जिवावर बेतेल. अशा वेळी एरवी गप्प बसणारं सीआरपी 90 वर गेलं असेल, तर डॉक्टर आधी जंतू शोधतात: छातीचा एक्स-रे, लघवी, रक्ताचं कल्चर, थुंकी. हा नियम पक्का नाही. ल्युपसने फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला दाह केला, सांधे जोरात सुजले, तर संसर्ग नसतानाही सीआरपी चढतं. पण मध्यरात्री वॉर्डात उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला हा एक धागा पुष्कळ असतो. आणि ज्याला तो माहीत नाही, तो सीआरपी 4 बघून "काही नाही, बरं आहे" म्हणतो, जेव्हा आतून मूत्रपिंड झिजत असतं.

मूत्रपिंडाची बातमी ईएसआर-सीआरपी देतच नाहीत. ती देतात कॉम्प्लिमेंट प्रथिनं, सी-3 आणि सी-4, आणि त्यांचं गणित उलटं. दाहात इतर प्रथिनं वाढतात, ल्युपस पेटला की ही घटतात, कारण प्रतिपिंडांची जाळी मूत्रपिंडात अडकताना ती खर्च होतात. नदीला पूर आणि विहीर उपसलेली, असं दृश्य. सोबत स्वतःच्याच डीएनएविरुद्धची, डीएसडीएनए प्रतिपिंडं वाढताना दिसली तर डॉक्टर सावध होतात. पण या सगळ्या महागड्या यादीत माझं मत विचाराल तर पहिला मान लघवीच्या साध्या तपासणीला. तिच्यात प्रथिन जायला लागलं की मूत्रपिंडाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यासारखं. काही मोजक्या रुपयांत होते. आणि लोक तीच टाळतात, "रक्तात तर सगळं कळतं ना" म्हणून.

बाकीच्या आजारांकडे पटकन जाऊ. निफाडला थंडीत पारा राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. अशा पहाटे एखाद्या बाईची बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल पडत असतील, आणि हातांची कातडी घट्ट होऊन मूठ वळेनाशी झाली असेल, तर स्क्लेरोडर्माचा संशय. इथे ईएसआर-सीआरपी पुष्कळदा शहाण्यासारखे जागेवर असतात. डॉक्टर नखाच्या मुळाशी भिंगातून केशवाहिन्या बघतात, त्या फुगलेल्या, तुटलेल्या दिसल्या की रक्तापेक्षा जास्त कळतं. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये पापण्यांवर जांभळी झाक, बोटांच्या पेरांवर लाल चट्टे, आणि केस विंचरायला हात वर जात नाही, घाटाच्या पायऱ्या चढवत नाहीत. तिथे सीपीके हे स्नायूंतलं द्रव्य बघतात. या आजाराच्या एका प्रकारात स्नायू शाबूत राहतात, पण फुप्फुस झपाट्याने जातं. तिथे रक्तातलं फेरिटिन नावाचं प्रथिन हजारांत गेलेलं दिसलं तर एक दिवसही घालवत नाहीत. पेम्फिगसमध्ये अंगभर फोड येतात, आणि ईएसआर त्याबद्दल कामाचं काही बोलत नाही.

आणि मग एएनए. ही दाहाची तपासणी नव्हेच, तरी रिपोर्टच्या एकाच पानावर येते म्हणून लोक ती त्याच माळेत ओवतात. आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, एवढंच ती बघते. त्यासाठी काचपट्टीवर हेप-2 नावाच्या मानवी पेशी वापरतात. त्या घशाच्या कर्करोगाच्या पेशी आहेत असं बरीच वर्षं मानत. नंतर कळलं की त्यांत हेला पेशींची भेसळ झालेली आहे, म्हणजे 1951 साली वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या पेशींची. नाशकातल्या कुठल्याशा बाईला ल्युपस आहे का, याचा निवाडा सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या एका बाईच्या पेशींवर होतो. या विचारापाशी मी दर वेळी जरा थांबतो.

एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणजे ल्युपस, असं नाही. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत निरोगी माणसांपैकी सुमारे 13 टक्के लोक 1:80 या पातळीला पॉझिटिव्ह निघाले. आता दिल्लीजवळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत ल्युपसचं प्रमाण लाखात तीनच्या आसपास होतं. लाखभर लोकांना सरसकट एएनए करा: तेरा हजार पॉझिटिव्ह, आजारी तीन. म्हणून सांधे दुखतात एवढ्यावर "पूर्ण पॅकेज" करून घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. रिपोर्ट हातात आला की ते तेरा हजारांत स्वतःला मोजत नाहीत, तिघांत मोजतात.

ही गोष्ट महाराष्ट्रातल्याच एका कामाने फार नीट दाखवली. 1996 मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी भिगवणला गेले. भिगवण म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला लोक जातात ते इंदापूर तालुक्यातलं गाव. त्यांनी तिथे घरोघर जाऊन दुखणी विचारली. आधी प्रश्न, मग डॉक्टरचा हात सांध्यावर, रक्त गरज पडली तरच. चार हजारांवर प्रौढांपैकी अठरा टक्क्यांना सांध्या-स्नायूंची दुखणी होती, म्हणजे दर पाच-सहा जणांत एकाला. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांवर उलटणारा स्वयंप्रतिकार आजार, मात्र दोनशेत एकाला. दुखणारे पुष्कळ आणि त्यातले स्वयंप्रतिकाराचे थोडे, हा फरक प्रश्नांनी आणि हातांनी काढला होता.

उपचार सुरू झाल्यावर आकड्यांचा दुसरा उपयोग: त्याच पेशंटचा आजचा आकडा आणि तीन महिन्यांपूर्वीचा. दुसऱ्या कुणाशी तुलना नको, स्वतःशीच. एएनए पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही, ते वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. ईएसआर, सीआरपी, सी-3, सी-4, लघवी यांचा मात्र एका वहीत तारीखवार तक्ता ठेवणारे पेशंट डॉक्टरांचे लाडके असतात.

पण त्या वहीतही एक पान वेगळ्या शाईने लिहावं लागतं. टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रभर लोक ते शोधत फिरत होते. एरवी ते रुमॅटॉइडचं औषध, आता स्क्लेरोडर्मातल्या फुप्फुसाच्या आजारातही देतात. ते यकृताकडे जाणारा इंटरल्युकिन-6 चा निरोपच अडवतं. साहजिकच सीआरपी जवळजवळ शून्यावर येतं, ईएसआर दहाच्या आत. पेशंट खूश. पण हे आकडे आता दाहाचे राहिलेले नसतात. न्यूमोनिया झाला तरी सीआरपी 1 च दाखवेल, आणि तापही कदाचित दबलेला असेल. मारुती घाटावरून उचलून ठेवलाय, नदीला ते ठाऊक नाही. म्हणून हे इंजेक्शन घेणाऱ्याला सांगावं लागतं, की खोकला वाढला, दम लागला, अंगात थोडीशी जरी कणकण वाटली, तर लॅबमध्ये जाऊन रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, आधी दवाखान्यात यायचं, आणि छातीला स्टेथोस्कोप लावून घ्यायचा.